तुम्ही विचारलंत म्हणून: पडलेल्याला उचलायचं का नाही?

बांधकामावर सेफ्टी ऑफिसर आहे म्हटलं की नव्या इंजिनिअरपासून घरी आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळे हेच विचारतात. माणूस वरून पडलाय, त्याला दवाखान्यात पळवायचं सोडून तुम्ही 'हात लावू नका' म्हणून काय ओरडता?

परांचीवरून पडलेल्याला आपल्याकडे कसं उचलतात ते बघा. दोघं खांद्याला, दोघं पायाला, मध्ये कंबर लोंबकळतेय. मग रिक्षात घडी घालून बसवतात. मणक्याचं हाड मोडलं असेल पण मज्जारज्जू शाबूत असेल, तर या उचलाउचलीत तोही जायचा. म्हणून एकाने डोकं आहे तसं दोन्ही हातांनी धरून बसायचं, दुसऱ्याने १०८ लावायचा, तिसऱ्याने गेटवरचे ट्रक हटवून रस्ता मोकळा करायचा. रक्त येत असेल तर कापड घट्ट दाबून धरायचं. सळई घुसली असली तरी उपसायची नाही, तिनेच रक्त अडवलेलं असतं. पाणीही पाजायचं नाही, हे मात्र बिगाऱ्यांना पटवणं फार अवघड. तहानलेल्याला पाणी नाकारणं त्यांना पाप वाटतं.

अर्थात वरून सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा सुटत असतील तर आधी त्याला सरळ मागे ओढायचं. श्वासच थांबला असेल तर मणक्याचा विचार बाजूला ठेवून छाती दाबायला घ्यायची. शॉक लागलेल्याला मेन बंद केल्याशिवाय शिवायचं नाही, नाहीतर दुसराही चिकटतो. खोदाईत माती ढासळली तर गोष्टच वेगळी. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. तोंड उघडं असलं तरी छाती फुगायला जागा उरत नाही. तिथे घाई करायचीच, पण माणसाजवळ जेसीबीचं बकेट न घालता हातांनी आणि घमेल्यांनी. आणि कडेला आधार दिल्याशिवाय कुणी खाली उडी मारायची नाही.

आता खरं बोलतो. उचलण्याची घाई दरवेळी मायेचीच असते असं नाही. पोलीस यायच्या आत, कुणी फोटो काढायच्या आत माणूस साइटवरून हलवायचा असतो. मग दवाखान्यात मुकादम सांगतो, 'घरी जिन्यात पाय घसरला.' यात कामगाराचं दुहेरी नुकसान. पाचव्या मजल्याच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून पडलाय हे कळलं तर डॉक्टर पोटात आत रक्तस्राव होतोय का, हे आधी शोधतात. जिन्यातला म्हटलं की पायाचा एक्स-रे निघतो. आणि कामावरच्या इजेला भरपाई देण्याचा कायदा १९२३ पासून आहे, पण केसपेपरवर 'घरी पडला' असं लागलं की ती मिळवताना बायकोला खेटे घालावे लागतात. बिहार-झारखंडहून आलेल्याची बायको इथे खेटे घालणार तरी कशी?

म्हणून मी जखमीबरोबर मुकादमाला एकट्याला पाठवत नाही. जखमीच्याच खोलीवरचा, त्याला पडताना पाहिलेला एक जण ॲम्ब्युलन्समध्ये बसवतो. आणि जखमी त्या दिवशी कामावर होता याचा पुरावा म्हणून हजेरीच्या पानाचा फोटो या सोबत्याच्या मोबाईलवर टाकतो.