टाकीची नोंदवही: सॅलिनिटी (पाण्यातला खारटपणा) मोजायला शेवटी काय घेतलं

टाकी तीच आहे, खाऱ्या पाण्यातल्या माशांची. तीन फुटी, पाण्याची उंची साधारण ४० सेंटिमीटर, क्लाऊनफिशची जोडी, दोन डॅमसेल मासे आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी. प्रवाळ नाही आणि आणणारही नाही, दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तरी "कोरल कधी टाकताय?" असं कोणी ना कोणी विचारतंच.

मागच्या नोंदीनंतरचा मुख्य बदल म्हणजे पंखा. एप्रिल-मे महिन्यात ठाण्याच्या घरात पाणी ३० अंशांच्या वर जातं, म्हणून सम्पवर (मुख्य टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीवर) छोटा पंखा बसवला. पाणी गार होतं, पण ते उडून जाऊनच गार होतं. मीठ काही उडत नाही. ४० सेंटिमीटर उंचीतलं एक सेंटिमीटर पाणी गेलं की ३५ पीपीटीचे (पीपीटी म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात किती ग्रॅम मीठ) जवळजवळ ३५.९ होतात. सम्प असेल तर ही घट टाकीत दिसत नाही, सगळी सम्पमध्ये दिसते, त्यामुळे लक्षातही उशिरा येते. जुना काट्याचा प्लॅस्टिकचा डबा, म्हणजे काटा वर-खाली होऊन आकडा दाखवणारा हायड्रोमीटर, एवढ्या फरकाला दाद देत नव्हता. काट्याला एक बुडबुडा चिकटला की वाचन वर, काट्यावर मिठाची पुटं चढली की खाली. तो निवृत्त केला आणि नवीन काय घ्यायचं याचा शोध सुरू झाला.

शोधताना एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. आपल्या हौशी बाजारातलं कुठलंही उपकरण मीठ मोजत नाही. हायड्रोमीटर घनता मोजतो, रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते पाहतो, आणि इलेक्ट्रॉनिक पेन वीज किती सहज वाहते ते बघतो. त्यावरून मिठाचा आकडा काढता येतो, कारण समुद्राच्या पाण्यातल्या प्रमुख क्षारांचं आपसातलं प्रमाण जगभर जवळपास सारखंच आहे. चॅलेंजर जहाजाच्या समुद्र-मोहिमेने १८७२ ते १८७६ मध्ये गोळा केलेले ७७ नमुने तपासून रसायनशास्त्रज्ञ डिट्मारने १८८४ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणून एक गुणधर्म मोजला तरी भागतं. पण तिन्ही गुणधर्म तापमानाने हलतात, आणि उपकरणं बनवणाऱ्यांच्या डोक्यात आपला मे महिना नसतो.

आधी काचेचा तरंगता हायड्रोमीटर. मला स्वतःला हे उपकरण आवडतं. त्यात बिघडायला काहीच नाही. फुटला तर फुटला, नाहीतर वर्षानुवर्षं तोच आकडा. ट्रॉपिक मरीन कंपनीचा २५ अंशांसाठी बनवलेला आहे आणि त्यावर ३५ पीपीटीचं पाणी १.०२६४ (गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता) दाखवतं. अडचण अशी की आमच्या टाकीत २५ अंश फक्त जानेवारीत असतात. ३० अंशांच्या पाण्यात तोच हायड्रोमीटर १.०२४८ च्या आसपास उभा राहतो. तापमानाचं कोष्टक न बघता वाचलं तर जवळपास दोन पीपीटी कमी वाटणार, आणि माणूस बिचारा टाकीत मीठ ओतत बसणार. अंशामागे साधारण ०.४ पीपीटी, एवढं लक्षात ठेवलं तरी काम होतं. शिवाय उंच मेजरिंग सिलिंडर हवा, पाण्याची कड वर चढते तिथे न वाचता सपाट पातळीवर वाचायचं, आणि वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा.

इथे एक आडवळण. दूध डेअरीत जो लॅक्टोमीटर असतो तोही हायड्रोमीटरच. त्यावरचा २६ म्हणजे १.०२६, आणि चांगलं दूध २८-३० च्या आसपास येतं, म्हणजे समुद्राचं पाणी त्याच्या पट्टीत बरोबर मधे बसतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात तो अगदी स्वस्तात मिळाला. एक रेघ म्हणजे जवळजवळ १.३ पीपीटी, त्यामुळे रोजच्या कामाचा नाही. आणि तो कुठल्या तापमानासाठी बनवलाय ते त्याच्यावरच वाचून घ्यायचं, कारण सगळे सारखे नसतात. पण दुसऱ्या उपकरणाने भलताच आकडा दाखवला तर खरं कोण बोलतंय ते ठरवायला पंच म्हणून उत्तम.

आता रिफ्रॅक्टोमीटर, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दोनेक हजारांत मिळणाऱ्यांपैकी बरेच मिठागर आणि खाद्य उद्योगासाठी बनवलेले असतात, म्हणजे त्यांची पट्टी साध्या मिठाच्या द्रावणाची असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असतं, त्यामुळे प्रकाश थोडा वेगळा वाकतो. अशा पट्टीवर ३५ पीपीटीचं खरं पाणी ३६.५ दिसतं. तुम्ही ते गोडं पाणी घालून ३५ वर आणलंत, की टाकी प्रत्यक्षात ३३.५ च्या आसपास. विकत घेण्याआधी फोटो मोठा करून पट्टी बघा: ३५ च्या समोर १.०२६ च्या जरा वरची रेघ असेल तर ती समुद्राच्या पाण्याची पट्टी, १.०२५ असेल तर मिठाची. जाहिरातीत "फॉर ॲक्वेरियम" लिहिलंय यावर जाऊ नका.

मिठाची पट्टी असली तरी फेकायची गरज नाही. गोड्या पाण्याने शून्यावर न जुळवता ३५ वरच जुळवायचा. आपल्याला रोज ३५ च्या आजूबाजूलाच वाचायचंय, शून्य कोण बघतंय? त्यासाठी ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण मिळतं, पण घरीही करता येतं. रिफ्रॅक्टोमीटरसाठी ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी, सगळं वजनाने. पाणी मेडिकलमधलं इंजेक्शनचं स्टराइल वॉटर किंवा डिस्टिल्ड. सोनारी पद्धतीचा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा असेल तर ३.६५ ग्रॅम मीठ आणि ९६.३५ ग्रॅम पाणी एवढंच पुरतं. घरातला एक ग्रॅमचा वजनकाटा इथे चालत नाही. पावसाळ्यात मीठ आधी कढईत कोरडं परतून, झाकण घालून गार करून घ्या. मिठात तीन टक्के ओल असेल तर तुमचं ३५ प्रत्यक्षात ३४ च असतं, आणि कोकणातल्या जुलैत तीन टक्के म्हणजे फार नाही.

हेच द्रावण हायड्रोमीटरला मात्र चालत नाही. त्याला घनता जुळवायची असते, म्हणून तिथे ३७.१ ग्रॅम मीठ आणि ९६२.९ ग्रॅम पाणी. विजेवरून मोजणाऱ्या पेनसाठी प्रमाण आणखी वेगळं. सगळ्यांना एकच बाटली वापरून "तिन्ही वेगवेगळं दाखवतात" असं म्हणणारे मी पाहिलेत, दाखवणारच.

रिफ्रॅक्टोमीटरवर एटीसी लिहिलेलं असतं, म्हणजे तापमानाची भरपाई तो आपणहून करतो. बारीक अक्षरात पुढे १० ते ३० अंश असं असतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या हॉलमध्ये ३३ असतात. म्हणून सकाळी मोजायचं, आणि उपकरण टाकीच्या दिव्याजवळ ठेवायचं नाही. प्रिझमवर दोन थेंब टाकून झाकण लावलं आणि लगेच डोळ्याला लावला, तर निळ्या-पांढऱ्याची हद्द धूसर आणि ३६ च्या जवळ दिसते. अर्धा मिनिट थांबलं की थेंब प्रिझमच्या तापमानाला येतो, रेघ धारदार होते आणि खाली सरकून ३५ वर बसते. ती पहिली धूसर रेघ वाचून निर्णय घेऊ नका. थेंबात बुडबुडा असेल तर पुसून परत. आणि टाकीतल्या पाण्याने प्रिझम पुसायचा नाही, वाळल्यावर मिठाचा थर राहतो.

डिजिटल रिफ्रॅक्टोमीटरचा मोह झाला होता. मिलवॉकीचा एमए८८७ डोळे चोळत वाचावा लागत नाही, आकडा थेट पडद्यावर. पण त्याची अचूकता ±२ आहे आणि पडद्यावर पूर्णांकच येतात. इतके जास्त पैसे देऊन डोळ्यांची सोय मिळते, खात्री नाही. चष्म्याचा नंबर बदलत असणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

हॅनाचा एचआय९८३१९ हा पेन मित्राकडे वापरून पाहिला. पाण्यात बुडवला, हलवून बुडबुडे काढले की काही सेकंदांत आकडा, तापमानासकट. तापमानाची भरपाई तो स्वतः करतो, आणि ती हवीच: समुद्राचं पाणी २५ अंशांना ५३ मिलिसीमेन्स (वीज किती सहज वाहते त्याचं एकक) दाखवतं आणि ३० अंशांना ५८ च्या वर जातं. चार-पाच टाक्या असणाऱ्याने, किंवा क्वारंटाईन टाकी (मासे काही दिवस वेगळे ठेवायची) चालवणाऱ्याने हाच घ्यावा, असं माझं मत आहे. एका टाकीसाठी मात्र तो जुळवायच्या ३५ पीपीटीच्या द्रावणाची पाकिटं मागवत राहणं जिवावर येतं. पाकीट फोडलं की लगेच वापरायचं. उघडं राहिलं तर पाणी उडून ते ३६ होतं, आणि मग पेन तुम्हाला सगळंच एक पीपीटी कमी सांगत बसतो.

तर घेतला साधा रिफ्रॅक्टोमीटर, समुद्राच्या पट्टीचा. कारण अचूकता नव्हे. त्याला मी घरच्या मिठाने आणि वजनकाट्याने केव्हाही तपासू शकतो हे कारण. सोबत लॅक्टोमीटर. दोन्ही आकडे एक पीपीटीच्या आत जुळले तर काम झालं, नाहीतर द्रावण ताजं करून परत. टाकी ३४ ते ३५ च्या मधे धरतोय. क्लाऊनफिशला याहून थोडं इकडेतिकडे चालतं, पण दिवसागणिक चढउतार नको.

पुढच्या नोंदीत ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय. फ्लोट स्विच बसवलाय, पण पावसाळा लागल्यापासून पंखा बंद आणि पाणी फारसं उडतच नाही, त्यामुळे खरी परीक्षा ऑक्टोबर हीटमध्येच होईल. कोणी ऑप्टिकल सेन्सर वापरत असेल तर त्यावर शेवाळ चढल्यावर तो काय करतो ते सांगा.