सँड प्लांटचं पॅनेल इलेक्ट्रिकल कॅडवर घेताना : माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यांची) बरीच जुनी पॅनेल ड्रॉइंग्ज साध्या ऑटोकॅडमधली असतात. नुसत्या रेषा आणि चौकोन, फेरूलचे (वायरच्या टोकावरच्या नंबरच्या नळीचे) नंबर हातानं लिहिलेले. असंच एका सँड प्लांटचं, म्हणजे साच्यासाठी वाळू तयार करणाऱ्या यंत्रणेचं, ड्रॉइंग (बकेट एलिव्हेटर, दोन बेल्ट, १५ किलोवॅटचा मिक्सर) मी ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये घेतलं. जुन्या रेषा तशाच वापरू, हा विचार करूच नये. या सॉफ्टवेअरच्या लेखी वायर म्हणजे वायर लेअरवरची साधी लाइन. पॉलिलाइन दिसायला कितीही सरळ असली तरी तिला नंबर पडत नाही. जुन्या ब्लॉकमध्ये (तयार चिन्हात) टॅगचं, म्हणजे पार्टच्या ओळख-नावाचं, अ‍ॅट्रिब्यूटच नसतं, म्हणून कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) नुसतं चित्र बनून राहतो. ते एकेक दुरुस्त करण्यापेक्षा जुनी प्रिंट शेजारी ठेवून नव्यानं काढणं लवकर होतं.

पहिलं चिन्ह टाकायच्या आधी प्रोजेक्टच्या सेटिंगवर निवांत वेळ द्या. चिन्हांची लायब्ररी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाची, माप मिलिमीटरचं. लायब्ररी मिलिमीटरची आणि ड्रॉइंग इंचात राहिलं, तर चिन्ह २५.४ पट मोठं किंवा बारीक येतं. मग लोक ते स्केल करून बसवतात, आणि पुढं वायर चिन्हाला टेकलेली दिसते पण जोडलेली नसते. स्नॅप कायम चालू ठेवायचा आणि वायर सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वायर कमांडनंच ओढायची. शंका आली तर चिन्ह 'स्कूट' कमांडनं थोडं सरकवून बघा: वायर मागोमाग आली तर जोड पक्का.

खरं काम इंटरलॉकचं, म्हणजे एक मशीन चालू असल्याशिवाय दुसरं चालू न देण्याचं. सँड प्लांटमध्ये पुढचं मशीन आधी सुरू व्हायला हवं. एलिव्हेटर ट्रिप झाला तर त्यात वाळू टाकणारा बेल्ट ताबडतोब थांबला पाहिजे, नाहीतर बूटमध्ये (एलिव्हेटरच्या बुडाशी) वाळू तुंबते. म्हणून एलिव्हेटरच्या कॉन्टॅक्टरचा एनओ (कॉइलला वीज मिळाल्यावर जुळणारा कॉन्टॅक्ट) बेल्टच्या कॉइलच्या लाइनमध्ये येतो. हा कॉन्टॅक्ट टाकताना टॅग टाइप करू नका, यादीतून कॉइल निवडा. तेव्हाच कॉइलखाली 'कोणत्या शीटवर कोणता कॉन्टॅक्ट' हे आपोआप दिसतं. कॉइलला कॅटलॉग नंबर आणि पिनची यादी आधी दिलेली असेल, तर १३-१४, २१-२२ हे पिन नंबरही आपोआप बसतात. एका एनओनं कॉन्टॅक्टर होल्ड केला, दुसरा इंटरलॉकला गेला, तिसरा दिव्याला: बऱ्याच लहान कॉन्टॅक्टरवर अंगचे १ एनओ आणि १ एनसीच (वीज मिळाल्यावर सुटणारा) असतात, म्हणजे अ‍ॅड-ऑन ब्लॉक लागणार. हे मटेरियल मागवण्याआधी कागदावर कळतं, याच एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप परवडतो.

मोटरचा हिशेब मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नये. १५ किलोवॅट म्हणजे २० एचपी, ४१५ व्होल्टला साधारण २८ अँपिअर. स्टार-डेल्टात (मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवताना) ओव्हरलोड रिले (जादा करंटला मोटर बंद करणारा) मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, मोटरच्या फेजमध्ये असेल तर तो ०.५८ पट, म्हणजे सुमारे १६ अँपिअरला सेट होतो. ड्रॉइंगवर रिलेशेजारी ही रेंज लिहा. नाहीतर कुणीतरी नेमप्लेट बघून २८ वर लावणार आणि मोटर जळणार.

प्रत्येक चिन्हाला लोकेशन द्यायचा कंटाळा करू नका: पॅनेल, डेस्क, फील्ड. टर्मिनल आणि केबलच्या याद्या यावरच वेगळ्या होतात. सगळं 'पॅनेल'मध्ये राहिलं तर बाहेर किती कोर (केबलमधल्या तारा) न्यायचे ते पुन्हा बोटांवर मोजत बसायचं.

वायर नंबरला मी शीटनुसार सुरुवात ठेवतो, पाचव्या शीटवर ५०१ पासून. वायरमनला नंबरवरून शीट सापडते. टर्मिनलचं चिन्ह मात्र बघून घ्या, कारण काही चिन्हांच्या पलीकडं नंबर बदलतो, काहींत तोच राहतो. क्रम असा: आधी टॅग, मग वायर नंबर, मग इलेक्ट्रिकल ऑडिट. कॉइल नसलेले कॉन्टॅक्ट, एका टोकाला सुटलेली वायर, कॅटलॉग नसलेले पार्ट तिथं सापडतात. यादी रिकामी होईपर्यंत रिपोर्ट काढूच नयेत.

फेरूलची यादी एक्सेलमध्ये नेताना तो कॉलम 'टेक्स्ट' करा. नाहीतर ०५ चं ५ होतं आणि ५-१ ची तारीख. प्रत्येक वायरला दोन फेरूल लागतात, हे प्रिंटरवाल्याला सांगावं लागतं.

ऑपरेटरसाठी वर्णनं मराठीत हवी असतील तर ऑटोकॅडचा स्वतःचा एसएचएक्स फॉन्ट चालत नाही, प्रश्नचिन्हं येतात. टेक्स्ट स्टाइलला निर्मला यूआयसारखा फॉन्ट द्या आणि पीडीएफ काढून जोडाक्षरं तपासा.

पॅनेलचा लेआउट फारसा अवघड नाही. फुटप्रिंट (पार्टचा खऱ्या मापाचा आराखडा) स्कीमॅटिकच्या, म्हणजे जोडणीच्या ड्रॉइंगच्या, यादीतूनच टाका, ३५ मिमीच्या डीन रेलवर (पार्ट बसवायच्या पट्टीवर). वायर डक्ट सत्तर टक्क्यांच्या वर भरू नका. फाउंड्रीत नंतर एखादी मोटर वाढतेच.

मागवलेला मेक मिळाला नाही तर दुकानदार दुसरा देतो. पार्टच्या वर्णनात अँपिअर आणि कॉइल व्होल्टेज असेल तर पर्याय निवडता येतो, पण पिन आणि रुंदी पुन्हा तपासावी लागते. पॅनेल वायर करायला दिलं की सगळे नंबर 'फिक्स' करून टाका. नंतर एक रिले वाढवून पुन्हा नंबरिंग चालवलं, तर लावलेली फेरूल आणि ड्रॉइंग जुळणार नाही. टेस्टिंगला वायरमननं लाल पेननं केलेले बदल डिस्पॅचआधीच फाइलमध्ये घ्या. प्रोजेक्ट झिप करताना स्वतः बनवलेली चिन्हं आणि कॅटलॉगचा डेटाबेसही सोबत ठेवा, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर पार्टचा तपशील शोधत बसावं लागत नाही.

चार-पाच मोटरींच्या आतलं काम असेल तर क्यूइलेक्ट्रोटेक हे फुकटचं सॉफ्टवेअरही पुरतं.