जुनी बोट, आठवडा २६ : ट्रान्सम उभा राहिला, इंपेलरचं एक पातं बेपत्ता

मागच्या नोंदीपर्यंत आमच्या बोटीला पाठच नव्हती, म्हणजे ट्रान्सम, इंजिन जिच्यावर अडकवतात ती मागची उभी भिंत. आता आहे.

मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी थोडक्यात: १४ फुटी फायबरची उघडी बोट, तिच्यावर २५ अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन), आणि कामाला दोघं. मी आणि आमचे चिरंजीव, वय १५. घेताना ‘नुसता रंग मारला की झालं’ असं सांगितलं होतं. त्या रंगाला अजून हात लागलेला नाही.

ट्रान्सम गेलाय हे कळलं हातोडीच्या दांड्याने. वरच्या कडेपासून ठोकत खाली आलो. वर टणटण, आणि तळ जवळ येईल तसं बदबद. आतल्या बाजूने ६ मिमीचं भोक पाडलं. कोरडा भुसा यायला हवा होता, आला काळपट ओला चोथा, आणि मागोमाग पाण्याचा ओघळ. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. कुणीतरी कधीकाळी मागे शिडी लावून काढली होती आणि तिच्या स्क्रूची चार भोकं तशीच उघडी सोडली होती. बाहेरून फायबर ठणठणीत, आणि आतलं प्लायवूड त्या चार भोकांतून निवांत पाणी पीत बसलेलं.

आम्ही आतलं कवच कापलं, बाहेरचं ठेवलं. बाहेरून कापलं तर हात पोचायला सोपं जातं, पण मग जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, नव्याने करत बसा. वाकून वाकून पाठ गेली ती माझी, चिरंजीव आरामात आत मावतात. ग्राइंडर मात्र त्याच्या हातात दिला नाही, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा. धूळ आणि वाफ दोन्ही अडवणारा मास्क, लांब बाह्या, आणि काम संपल्यावर आधी गार पाण्याने हात धुवायचे. एकदा काचेची कुसळं घेऊन झोपून बघितल्यावर त्याला हे सांगावं लागत नाही.

नवं लाकूड चिकटवण्याआधी एक दिवस फक्त मोजमापात घालवला, आणि तो दिवस सगळ्यात भांडणाचा ठरला. ट्रान्सम काढलेली बोट म्हणजे झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका, कशीही पिळवटते. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत टेप धरला तर ११ मिमीचा फरक. चिरंजीवांचं मत, ‘आई, ११ मिलिमीटर कोण बघणारे?’ कोणी बघणार नाही, पण रेझिन सुकलं की तो पीळ जन्मभराचा, आणि मग सरळ रेषेत धावणारी बोट विसरा. ट्रेलरचा उजवा आधार दबलेला निघाला. पाचर घालून उचलला, फरक २ मिमीवर आला, तेव्हा कुठे पुढे सरकलो.

मूळ गाभा ३८ मिमीचा होता. आम्ही १८ मिमीच्या मरीन प्लायचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून घेतले, मधल्या रेझिनने आणि वरच्या कापडाने उरलेली जाडी भरून निघते. कडा आणि दोन्ही तोंडं आधी पातळ इपॉक्सी रेझिनने भिजवून घेतली. कोरडं लाकूड रेझिन शोषून घेतं आणि सांधा उपाशी राहतो.

आता माझ्या चुका. पहिली, चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) विकत घेऊन ठेवली होती. त्या मॅटमधले धागे धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतंच, मॅट पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. ४५ अंशांत शिवलेलं कापड आणावं लागलं. दुसरी चूक जास्त नाट्यमय. भर दुपारी एका खोल डब्यात ६०० मिलि इपॉक्सी एकदम कालवलं, त्यात सिलिका घालून घट्ट केलं, चमच्यातून ओघळणार नाही इतकं. कोपऱ्यातली गोलाई भरायला ते तसंच लागतं, कारण कापड काटकोनात बसत नाही, खाली हवा राहते. अर्धा कोपरा होईपर्यंत डबा हाताला चटका देऊ लागला, मग धूर, मग डब्याचा तळ मऊ. मिश्रण ढिगात राहिलं की त्याची उष्णता बाहेर पडत नाही, आणि तापलं की आणखी वेगाने घट्ट होतं. चिरंजीवांनी पक्कडीत धरून डबा बाहेर मोकळ्या जमिनीवर ठेवला, कुठलीही घाई न करता. माझ्या हातात तेव्हा अजून चमचा होता. तेव्हापासून १५० मिलि, सकाळी, आणि कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये.

त्याची चूक लहान, पण घासकागदाची अर्धी चळत गेली. सुकलेल्या इपॉक्सीवर कधी कधी तुपकट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मग घासायचं. साहेबांनी धुण्याआधीच घासायला घेतलं. कागद भरून येत राहिला, आणि मेणकटपणा पसरत राहिला.

खरी गोष्ट अशी की रेझिनचं काम पंधरा वर्षांच्या मुलाला मानवत नाही. तासभर काम, आणि मग दिवसभर वाट. तिसऱ्या महिन्यात तो गळायला लागला होता. तेव्हा मी इंजिन पूर्ण त्याच्या स्वाधीन केलं, सल्लासुद्धा विचारल्याशिवाय द्यायचा नाही या अटीवर. माझ्या मते या प्रकल्पातला हा एकच निर्णय मी वेळेवर घेतला.

त्याचा अहवाल: कॉम्प्रेशन ११८ आणि ११५ पीएसआय, म्हणजे दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे. कार्ब्युरेटरचे जेट बंद होते, तारेने न टोकरता द्रावणात ठेवून मोकळे केले. गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. सील बदलून नवं तेल खालच्या भोकातून वर भरलं, वरच्या भोकातून यायला लागेपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. पेट्रोलमध्ये तेल ५० ला १, लिटरला २० मिलि. हे आमच्या इंजिनाच्या झाकणावर लिहिलेलं प्रमाण, तुमचं वेगळं असू शकतं.

इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, मात्र वाईट होता. सहा पात्यांपैकी दोन मुळापासून तुटलेली. एक तुकडा पंपाच्या घरातच मिळाला. दुसरा नाही. तो म्हणाला, मिळेपर्यंत इंजिन जोडायचं नाही. मी (अट मोडून) म्हणाले, गेला असेल वाहून. नवा इंपेलर शाफ्ट फिरतो त्याच दिशेने फिरवत आत बसवला, आणि इंजिन जोडलं.

गेल्या रविवारी उघड्यावर पिंपात इंजिन उभं केलं. पंखा काढलेला, पाणी पंपाच्या वर, किल कॉर्ड (खेचली की इंजिन बंद करणारी दोरी) त्याच्या मनगटाला. चौथ्या ओढीला सुरू झालं. दोघंही ओरडलो. आणि मग इंजिनाच्या बाजूने पाण्याची जी धार यायला हवी, ती नुसती ठिबकली. त्याने वीस सेकंदांत कॉर्ड खेचली.

थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत, करंगळीच्या नखाएवढा काळा रबराचा तुकडा, पाण्याच्या वाटेत आडवा. त्याने तो चिमट्याने काढला, जुना इंपेलर आणून तुटलेल्या जागी लावून बघितला. कडेला कड जुळली. मला काही बोलला नाही, फक्त फोटो काढला. दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा धार पिंपाच्या बाहेर पडत होती.

पुढे: मोटरच्या बोल्टची भोकं. आधी मोठी पाडायची, घट्ट इपॉक्सीने भरायची, आणि सुकल्यावर त्यातूनच मापाची पाडायची, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. शिडी परत लावायची नाही, एवढं एकमताने ठरलंय.