चित्र नको, पट्ट्या पाठवा: अंगावरच्या कॉम्प्युटरचे बिनतारी जोड

कमरेला रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर (पुढे नुसतं ‘पाय’), मुठीत पाच खटक्यांचा कीबोर्ड, चष्म्याच्या दांडीवर ०.९६ इंची ओएलईडी पडदा. यांच्यामधल्या वायरी काढायच्या म्हटलं की बहुतेक जण आधी व्हिडिओच्या मागे लागतात. हिशेब करून बघा. ६४० बाय ४८०, १६ बिट रंग, सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे १४७ मेगाबिट. पायचं वाय-फाय कागदोपत्री ७२ मेगाबिटचं. कॉम्प्रेस केलं तर बसेल, पण दाबलेलं अक्षर उशिरा दिसतं आणि टाइप करताना तेच सगळ्यात जास्त छळतं.

१२८ बाय ६४ च्या एकरंगी पडद्याची अख्खी फ्रेम मात्र १०२४ बाइटची. पडदा चालवणारी एसएसडी१३०६ चिप ती १२८ बाइटच्या आठ आडव्या पट्ट्यांत साठवते. ईएसपी-नाऊ म्हणजे ईएसपी चिपांची राउटरशिवाय आपापसात बोलायची पद्धत; तिच्या पहिल्या आवृत्तीत एका पॅकेटमध्ये २५० बाइट मावतात. म्हणून एक पट्टी, एक पॅकेट: पुढे चार बाइट (ओळखखूण, पट्टीचा नंबर, पॅकेटचा क्रमांक, चूक पकडणारा चेकसम) आणि मागे १२८. जी पट्टी बदलली तेवढीच पाठवायची. पॅकेट हरवलं तर पडद्याचा एक अष्टमांश भाग क्षणभर जुना राहतो, बाकी काही बिघडत नाही.

पायला ईएसपी-नाऊ थेट बोलता येत नाही. यूएसबीवर एक ईएसपी३२-सी३ (वाय-फाय आणि ब्लूटूथ असलेल्या चिपचा छोटा बोर्ड, पुढे ‘सी३’) डोंगलसारखा लावा, दुसरा पडद्यामागे. हा वळसा मुद्दाम आहे: पायचं वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर, एकाच अँटेनावर चालतं. पडद्याचा भारही त्यावर टाकला की ब्लूटूथवरचा कीबोर्ड अडखळतो. पॅकेट ब्रॉडकास्ट करू नका, म्हणजे सगळ्यांसाठी सोडू नका. पडद्यामागच्या सी३च्या मॅक पत्त्यावर (चिपच्या स्वतःच्या कायमच्या नंबरावर) पाठवलं तर पोच मिळते. पोच आल्यावरच ‘ही पट्टी बदलली’ ही खूण पुसा आणि त्यानंतरच पुढचं पॅकेट सोडा, नाहीतर बफर भरून मेमरी संपल्याची एरर येते. दर दोन सेकंदांनी आठही पट्ट्या एकदा पाठवा, म्हणजे मध्येच रीसेट झालेला पडदा आपोआप सावरतो.

इंग्रजीत ६ बाय ८ चा फॉन्ट चालतो. मराठीला नाही. वेलांटी वर, उकार खाली, मध्ये जोडाक्षर, असं सगळं धरलं तर एका ओळीला निदान १६ पिक्सेल लागतात, म्हणजे पडद्यावर चारच ओळी. प्रत्येक ओळ बरोबर दोन पट्ट्यांवर बसवा. मग एक अक्षर वाढलं की दोनच पॅकेट जातात. अक्षरं पायवरच चितारा. पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीत राक्म (वेलांट्या, जोडाक्षरं जागेवर बसवणारा भाग) चालू आहे ना ते आधी तपासा; नसेल तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते आणि ‘कि’ वाचवत नाही. पट्टीतला प्रत्येक बाइट म्हणजे उभे आठ पिक्सेल, सगळ्यात खालचा बिट वर. पिलो आडवं साठवतं. ही अदलाबदल राहिली तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो.

नागपुरातल्या बर्डीच्या दुकानातून १.३ इंची पडदा आणला तर त्यात बहुधा एसएच११०६ ही वेगळी चिप निघते. तिची मेमरी १३२ स्तंभांची, त्यामुळे चित्र दोन पिक्सेल सरकतं. सुरुवातीचा स्तंभ २ ठेवला की झालं. आरशातून बघायचं असेल तर उलटं चित्र चिपच्याच आज्ञेने सुलट होतं, पण ती फक्त नंतर लिहिलेल्या डेटाला लागू होते. आज्ञा दिल्यावर पूर्ण फ्रेम पुन्हा पाठवा.

कीबोर्डसाठीही सी३ घ्या, ब्लूटूथ एलईवर (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवर). खटके ०, १, ३, ४, ५ या पिनांवरच जोडा. डीप स्लीपमधून (वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेतून) ० ते ५ याच पिना चिपला जागं करू शकतात. त्यातली २, आणि शिवाय ८ व ९, चालू होताना चिप स्वतःसाठी वाचते. ९ वरचा खटका दाबलेला राहिला तर चिप डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे नव्या प्रोग्रॅमची वाट बघत, अडकते. एकत्र दाबलेले खटके गोळा करा आणि सगळे सुटल्यावरच अक्षर पाठवा. दाबतानाच पाठवलं तर बोटं पुढेमागे पडतात तशी चुकीची अक्षरं उमटतात.

पाच खटके एकेकटे किंवा एकत्र दाबायच्या ३१ तऱ्हा होतात. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत च, ट, ड, य हे इंग्रजी अक्षरांबाहेरच्या कळांवर आहेत आणि झेडची कळ मराठीला लागत नाही. म्हणजे २५ अधिक ४, वर स्पेस आणि ‘पुढच्या अक्षराला शिफ्ट’. मोजून ३१! ष आणि ृ यांच्या कळा मात्र यात बसत नाहीत. बॅकस्पेस अंगठ्याचा खटका लांब दाबून घ्या.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अंगातलं पाणी शोषून घेतं. डोंगलची अँटेना शरीराकडे नको, बाहेर तोंड करून हवी, आणि डोंगल पडद्याच्याच बाजूला लावा. डोंगलचा आणि पडद्याचा सी३ एकाच चॅनेलवर ठेवा, १, ६ किंवा ११ पैकी सगळ्यात रिकाम्या. घरी सगळं सुरळीत चालतं. खरी चाचणी संध्याकाळी सीताबर्डी इंटरचेंज मेट्रो स्टेशनच्या गर्दीत घ्या. पॅकेट सोडताना करंट क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या वर उसळतो. बोर्ड आपोआप रीसेट होत असेल तर ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर झाळा.

पडद्याच्या सी३ला सतत ऐकत राहावं लागतं, म्हणून ओएलईडीसकट १०० मिलिअँपिअर धरा: ३०० एमएएचची बॅटरी जेमतेम तीन तास. टीपी४०५६ हे चार्जिंगचं मॉड्यूल १.२ किलोओहमच्या रेझिस्टरवर एक अँपिअर ढकलतं, एवढ्या छोट्या बॅटरीला ते फार होतं. तिथे १० किलोओहम लावा, १३० मिलिअँपिअर मिळतात. स्वस्त मॉड्यूलमध्ये तापमानाची पिन सरळ ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे चार्जरला उष्णता कळतच नाही. लिथियम बॅटरीच्या चार्जिंगची नेहमीची मर्यादा ४५ अंश. नागपुरात मे महिन्यात दुपारची हवाच तिथवर जाते. चार्जिंग रात्री, कूलरच्या खोलीत, बॅटरी अंगावरून काढून.