मातृरोपापासून सुरुवात : आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

आमची रोपवाटिका फक्त स्ट्रॉबेरीची रोपे तयार करते. फळांची विक्री आम्ही करत नाही. सुरुवात घरामागच्या दोन वाफ्यांपासून झाली. माझ्या पत्नीने हौसेने 40 रोपे लावली होती आणि त्यांना येतील तेवढी फळे घरात खावीत, एवढाच आमचा विचार होता. फळांचा बहर ओसरल्यावर, दिवस मोठे होऊन हवा तापू लागली तशी त्या रोपांमधून लांब, बारीक दोऱ्या बाहेर पडल्या. दोन महिन्यांत वाफ्यांमधली वाट दिसेनाशी झाली आणि आपल्याकडे नेमकी किती रोपे आहेत हे आम्हाला सांगता येईना. जास्तीची रोपे आम्ही ओळखीच्यांना वाटली, पुढच्या वर्षी त्यांच्या ओळखीचे लोक विचारत आले, आणि मी नोकरी सांभाळून रोपे पिशव्यांत भरू लागलो.

त्या दोऱ्यांना शेतकरी ‘रनर’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना धावते खोड हा शब्द आहे आणि तो अचूक आहे, कारण रनर हे मूळ नसून खोडच असते. स्ट्रॉबेरीचे मुख्य खोड, म्हणजे क्राऊन, इतके आखूड असते की सगळी पाने एकाच बिंदूतून निघाल्यासारखी वाटतात. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. त्या डोळ्यातून एक तर क्राऊनला जोडून नवा फुटवा येतो किंवा रनर सुटतो. यातले काय व्हायचे हे बऱ्याच अंशी दिवसाच्या लांबीवर आणि तापमानावर ठरते. दिवस लांब आणि हवा उबदार असली की रनर जोमाने सुटतात. हंगामी वाणांत दिवस आखूड होऊन गारवा पडू लागला की क्राऊनच्या शेंड्यात फुलांच्या कळ्या धरू लागतात. आमच्या कामाचे सगळे वेळापत्रक या एका गोष्टीवर बसवलेले आहे.

नव्या कामगाराला पहिल्या दिवशी आम्ही एक रनर हातात धरून नीट पाहायला लावतो. क्राऊनपासून निघाल्यावर पहिल्या पेरावर एक लहानसे पातळ पान चिकटलेले असते आणि तिथे सहसा काही उगवत नाही. दुसऱ्या पेरावर रनरचे टोक वर वळते, तिथे घडी घातलेल्या पंख्यासारखी लहान पाने दिसू लागतात, आणि त्यांच्या बुडाशी मोहरीच्या दाण्याएवढे पांढरट उंचवटे येतात. हीच होऊ घातलेली मुळे. ओल्या मातीला टेकली तर ती काही दिवसांतच खाली उतरतात. कोरड्या मातीवर किंवा प्लॅस्टिकच्या आच्छादनावर पडली तर तपकिरी होऊन सुकतात. या नव्या रोपाला आम्ही पिल्लू म्हणतो. त्याची मुळे नीट धरेपर्यंत, म्हणजे साधारण 2 ते 3 आठवडे, पाणी आणि अन्न त्याला मातृरोपाकडून रनरमधूनच मिळत असते. दरम्यान पिल्लाच्या पहिल्या पानाच्या बेचक्यातून पुढचा रनर निघालेला असतो, आणि अशी एकामागे एक पिल्लांची माळ तयार होते.

हे सारे रोप आपण होऊन करते, तेव्हा आपण फक्त पिल्ले तोडायची, अशा समजुतीने आम्ही पहिली तीन वर्षे काम केले. फळे देऊन थकलेल्या वाफ्यांतूनच आम्ही पिल्ले घेत होतो, पाणी वरून तुषारांनी देत होतो आणि एका मातृरोपाला आलेली सगळी पिल्ले भरत होतो. संख्या वाढत होती, आणि व्यवसाय वाढतो म्हणजे संख्या वाढते असे मला वाटत होते.

चौथ्या वर्षी लागवडीनंतर पाच आठवड्यांनी एका जुन्या ग्राहकाने आम्हाला त्यांच्या शेतावर बोलावले. ओळीमागून ओळीत रोपांनी माना टाकल्या होत्या. वाफ्याला पाणी व्यवस्थित होते, वाफसाही चांगला होता. त्यांनी एक रोप उपटले आणि खिशातल्या चाकूने क्राऊन उभा चिरून माझ्यापुढे धरला. निरोगी क्राऊन आतून पांढराशुभ्र असतो. त्यात तांबूस तपकिरी पट्टे पसरलेले होते. ही क्राऊनची कूज होती आणि ती रोपांबरोबर आमच्याच वाफ्यांतून तिथे गेली होती, कारण शेजारच्या ज्या ओळीत त्यांनी स्वतःची रोपे लावली होती ती टवटवीत उभी होती. घरी येऊन आम्ही आमच्या वाफ्यांतले दिसायला हिरवेगार असलेले क्राऊन चिरून पाहिले. काहींमध्ये तेच पट्टे सापडले.

या प्रसंगातून जे समजले ते आमच्या आजच्या कामाचा पाया आहे. पिल्लू म्हणजे मातृरोपाचाच पुढे सरकलेला भाग असतो, त्यामुळे वाणाचे गुण जसे हुबेहूब उतरतात तसेच मातृरोपाचे दुखणेही उतरू शकते. मावा किडीमार्फत येणारे विषाणू तर रनरमधून पुढच्या पिढीत सहज जातात, आणि अनेक वाणांत त्यांची खूण पानावर दिसतही नाही. रोप फक्त वर्षागणिक खुरटत जाते. क्राऊन कुजवणाऱ्या बुरशीचे बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर उडतात, म्हणजे आमचे तुषार सिंचनच तो रोग वाफाभर पसरवत होते. आम्ही सगळ्या ग्राहकांना स्वतः कळवले, सर्व मातृरोपे काढून नष्ट केली आणि एक पूर्ण हंगाम एकही रोप विकले नाही. ज्यांचे नुकसान झाले होते त्यांना पुढच्या हंगामात नवी रोपे दिली. तो हंगाम आम्हाला फार जड गेला, पण त्या निर्णयाबद्दल आमच्या दोघांच्या मनात कधी शंका आली नाही.

नवी सुरुवात ऊतिसंवर्धित मातृरोपांपासून केली. शेंड्यातला सुईच्या टोकाएवढा वाढीचा भाग घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेले रोप, योग्य चाचण्या झालेल्या असतील तर, विषाणूमुक्त मिळते. ही मातृरोपे आम्ही फळांच्या वाफ्यांपासून दूर, कीडरोधक जाळीखाली, उंच गादीवाफ्यांवर लावतो आणि पाणी फक्त ठिबकने देतो. त्यांच्यावर येणारे प्रत्येक फूल खुडले जाते. पाहुण्यांना हे पाहून हळहळ वाटते. परंतु फुलाफळांत जाणारी शक्ती रनरला मिळावी यासाठी ते आवश्यक आहे. रनर वाढू लागले की प्रत्येक पिल्लू कोकोपीट भरलेल्या ट्रेच्या कप्प्यावर ठेवून तारेच्या आकड्याने दाबायचे, मुळे धरली की दोन्ही बाजूंनी रनर कापायचा, आणि माळेतली टोकाकडची उशिरा आलेली दुबळी पिल्ले सोडून द्यायची. माझ्या पत्नीच्या वहीत प्रत्येक ओळीची नोंद असते, त्यामुळे कोणत्याही ट्रेवरून तिच्या मातृरोपापर्यंत मागे जाता येते.

याच काळात एका थंड डोंगराळ प्रदेशातल्या जंगलाच्या कडेला मी रानस्ट्रॉबेरी पहिल्यांदा पाहिली, आणि बागेत अनेक वर्षे काढूनही या झाडाबद्दल मला किती थोडे माहीत होते ते लक्षात आले. पायवाटेच्या उतारावर, जिथे ऊन पोहोचत होते तिथे, लाल दोऱ्यासारखे बारीक रनर गवतातून दूरवर गेले होते. दाट सावलीत मात्र एखाददुसरे रोप नुसते तग धरून होते. जुने रनर वाळून तुटले होते आणि एकेकाळची पिल्ले आता स्वतंत्र रोपे होऊन स्वतःचे रनर सोडत होती. एकाच रोपापासून पसरलेला असा समूह जागा धरून ठेवतो, पण दूरचा, अगदी नवा तुकडा त्याला रनरने गाठता येत नाही. ते काम बियांचे आहे. फळावर जे दाणे दिसतात ती खरे तर झाडाची फळे, प्रत्येकात एक बी. लाल गर हा फुलाचा फुगलेला देठाग्र असतो आणि तो फुगण्यासाठी लागणारे संप्रेरक त्या दाण्यांतूनच येते. म्हणून परागीभवन अपुरे झाले की फळ वेडेवाकडे होते. पक्षी आणि लहान प्राणी फळ खातात, बिया त्यांच्या पोटातून जातात, आणि झाड पडून उघडी झालेली एखादी जागा मिळाली की तिथे नवी वसाहत सुरू होते.

बागेतल्या स्ट्रॉबेरीचा जन्मही अशाच दूरच्या प्रवासातून झाला आहे. फ्रेझिए हा फ्रेंच अधिकारी 1714 मध्ये चिलीहून मोठ्या फळाची जी रोपे घेऊन आला, त्यांपैकी 5 जगली आणि ती मादी रोपे होती. युरोपच्या बागांत ती वाढत, रनरने पसरत, पण जवळ परागकण देणारे दुसरे रोप नसेल तर फळत नसत. उत्तर अमेरिकेतील जातीशेजारी लावल्यावर त्यांना फळे धरली, आणि त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी आली. तिचे मूळ 1766 मध्ये द्युशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखले. रानातल्या त्या लहान जातीत 14 गुणसूत्रे असतात, तर बागेतल्या संकरात 56. या संकराचे बी पेरले तर येणारे प्रत्येक रोप वेगळ्या गुणांचे निघते, आणि म्हणूनच वाण जसाच्या तसा टिकवण्यासाठी आम्हाला रनरचीच वाट धरावी लागते.

रोपे नेणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. लावताना क्राऊनचा मध्य मातीच्या पातळीला असावा. खोल गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळे सुकतात. दरवर्षी नवी मुळे क्राऊनच्या जरा वरच्या भागातून फुटतात, त्यामुळे जुने रोप उचलल्यासारखे दिसते आणि त्याला मातीची हलकी भर लावावी लागते. दुसरे म्हणजे रनर मोकळे सोडू नयेत. दाटी झालेल्या वाफ्यात पाने भरपूर दिसतात, पण हवा खेळत नाही, फळ लहान होते आणि कूज वाढते. फळ हवे असेल त्या वाफ्यातले रनर वेळच्या वेळी कापावेत आणि तीन-चार वर्षांनी नव्या जागी निरोगी रोपे लावावीत.

कधीकधी ग्राहक रानात सापडलेले रोप घेऊन येतात. फूल पिवळे असेल तर ती खरी स्ट्रॉबेरी नव्हे. त्या भुईसरपट झाडाचे फळ लाल आणि सुंदर दिसते, पण चवीला पाणचट असते. पांढरे फूल असेल तर आम्ही ते आनंदाने ठेवून घेतो. अशा रानरोपांसाठी शेवटच्या जाळीपलीकडे, मातृरोपांपासून दूर, आम्ही एक वाफा राखला आहे. तिथे रनर कापत नाही, फुले खुडत नाही. दर पंधरवड्याला प्रत्येक समूहाची कड खुंटीने आखतो आणि पत्नी वहीत अंतर लिहिते.