किरकोळ प्रार्थना

रविवारची प्रार्थना घाऊक असते आणि ती तशीच असावी. पाळकसाहेब उभे राहून जगाची शांती, देशाचे राज्यकर्ते, आजारी, वृद्ध, विधवा, अनाथ, प्रवासात असलेले असे सगळे एका दमात देवापुढे ठेवतात. आपण आमेन म्हणतो आणि बसतो. सगळ्या मंडळीच्या वतीने बोलायचं असताना कुणाच्या गुडघ्याची वाटी आणि कुणाचं अडलेलं पेन्शन ते कुठे काढत बसणार? अडचण सुरू होते ती सोमवारी. घरात एकटं बसल्यावरही आपण तोच रविवारचा सूर लावतो. सर्वांना आशीर्वाद दे, आम्हाला सांभाळ, सर्व पापांची क्षमा कर. दोन मिनिटांत अख्खं विश्व आटोपतं आणि वर तक्रार, की देवाशी म्हणावी तशी जवळीक वाटत नाही हो. नवऱ्याशी रोज उठून ‘तुमचं सर्व बाबतीत कल्याण असो’ एवढंच बोललं, तर त्याच्याशी तरी कुठली जवळीक राहणार!

मला हे कळलं ते कुठल्या संजीवन सभेत नाही, लाकडी पार्टिशनमुळे. लग्न होऊन नगर जिल्ह्यातून मी आले ती थेट गुरुवार पेठेत, पंचहौद चर्चचा मनोरा जिथून दिसतो अशा दोन खोल्यांत. मधे फळ्यांची भिंत. पलीकडे सासूबाई झोपायच्या आणि झोपण्याआधी प्रार्थना करायच्या. मोठ्याने नाही, पण फळ्यांना कुठे कान झाकता येतात! पहिले काही दिवस मी चादर डोक्यावरून ओढून घ्यायची. दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू ऐकायला लागले.

त्यांची प्रार्थना गल्लीच्या टोकापासून सुरू व्हायची. दूधवाल्याची म्हैस आटली आहे आणि तो पाणी घालायला लागलाय, तर आधी म्हशीचं बघ, मग त्याचं. वरच्या मजल्यावरच्या मुलीला पाहायला येणार आहेत, मुलगा बरा असेल तरच जमू दे. रॉकेलच्या रांगेत जी बाई माझ्याशी भांडली तिच्या घरी काहीतरी बिनसलंय, नाव माहीत नाही, हिरव्या पातळातली. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असली, की त्या रात्री वारकरी बायकांच्या पायांचे फोड त्यांच्या प्रार्थनेत यायचे. त्या दिवसभर दारात कळशी घेऊन बसलेल्या असत. फोड त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असत.

आणि एका रात्री मी आले. ‘नव्या सुनेला पुण्याचं पाणी बाधतंय, तिच्या पोटाचं बघ. आणि प्रभू, तिला मऊ भात लागतो, आपल्याकडे फडफडीत होतो. ती बोलायची नाही. उद्या पाणी जास्त घालायची मला आठवण दे.’ आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्यापुढे माझं पोट मांडलं गेलेलं पाहून मी अंधारात लाजेने लाल झाले. दुसऱ्या दिवशी भात मऊ होता. सासरे म्हणाले, ‘आज काय खिमट केलंय का?’ सासूबाई म्हणाल्या, ‘जेवा गुमान.’

त्यानंतर बायबल वाचताना माझी नजरच बदलली. मोठमोठ्या घटनांच्या मधे देव इतक्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालताना दिसतो, की वाटावं, याला दुसरं काम नाही का? 2 राजे यातली कुऱ्हाडीची गोष्ट घ्या. संदेष्ट्यांचे शिष्य यार्देनेच्या काठी लाकडं तोडत असतात. एकाच्या कुऱ्हाडीचं पातं निसटून पाण्यात पडतं. तो त्यांचा गुरू, संदेष्टा अलीशा, याच्याकडे बघून ओरडतो, अहो स्वामी, ती उसनी आणली होती! बस्स, एवढंच संकट. दुष्काळ नाही की शत्रूचा वेढा नाही. शेजाऱ्याला आता काय तोंड दाखवू, एवढीच धास्ती. अलीशा काठी तोडून टाकतो आणि लोखंड तरंगतं. हा चमत्कार मला अनेक भव्य चमत्कारांपेक्षा जवळचा वाटतो, कारण उसनी वस्तू हरवल्यावर पोटात जो गोळा येतो तो मला चांगला ठाऊक आहे.

त्याच पुस्तकात पुढे हिज्कीया राजा आहे. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आल्यावर तो ते घेऊन मंदिरात जातो आणि परमेश्वरापुढे उलगडून पसरून ठेवतो. म्हणजे जणू, हे घे, तूच वाच. त्या पत्राचा गोषवारा सांगत बसत नाही. ही पद्धत मी उचलली. सोसायटीच्या मेंटेनन्सची नोटीस, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, मुलीचा परदेशातून आलेला तुटक मेसेज, सगळं टेबलावर पसरते. रिपोर्टमधल्या ज्या आकड्याखाली जाड रेघ मारलेली असते त्यावर बोट ठेवते. देवाला काही दिसत नाही म्हणून नव्हे. बोट ठेवल्याशिवाय मला नेमकी कशाची भीती वाटतेय ते माझ्याच तोंडून निघत नाही. ‘तब्येतीची चिंता दूर कर’ म्हणणं सोपं असतं. ‘हे किडनीचं क्रिएटिनिन बघ आणि डॉक्टरांच्या बोलण्यातून मला काही कळलेलं नाही’ म्हणायला वेळ लागतो. आणि म्हटल्यावर जरा श्वास मोकळा होतो, आकडा तोच असला तरी.

वेळ हा सगळ्यांचा आवडता बहाणा. पुण्यात तो खराही आहे. सकाळी पाणी ठरावीक वेळ येतं, त्याच वेळात कुकर, डबे, मोटार चालू करायला विसरलेला वॉचमन. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जाई, असं मार्क लिहितो. वाचून मन भरून येतं, पण त्याला पाण्याची टाकी भरायची नव्हती असंही एक मन म्हणतं. मला धीर देतो तो नहेम्या. हा बायबलमधला, शूशन राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाच्या हाती द्राक्षारसाचा प्याला देणारा. राजा विचारतो, तुझं मागणं काय? आणि नहेम्या लिहितो की मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे कितीसा वेळ मिळाला असेल? स्वारगेटच्या सिग्नलचे शेवटचे लाल आकडे पळतात तेवढाच फार तर. मी सिग्नलला प्रार्थना करते ती नहेम्याच्या भरवशावर, डोळे उघडे ठेवून, कारण मागचा रिक्षावाला हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न देतो. कधीकधी त्याच्यासाठीही करते. तेवढ्यात होते ती.

पण नहेम्याचा पहिला अध्याय वाचला की कळतं, हा एका क्षणात बोलू शकला कारण यरुशलेमेच्या पडक्या तटांची बातमी आल्यापासून किसलेव ते नीसान या यहूदी महिन्यांत, म्हणजे जवळजवळ चार महिने, त्याचं तेच बोलणं चाललं होतं. उपवास, रडणं, सगळं झालेलं होतं. तेव्हा नुसत्या सिग्नलवर भागत नाही. घरात कुठेतरी बूड टेकून बसावंच लागतं, आणि त्यातले बहुतेक दिवस, खरं सांगायचं तर, कोरडे असतात. काही वाटत नाही. साक्ष देणारी माणसं ‘आज प्रभू माझ्याशी बोलला’ म्हणतात तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो आणि थोडी शंकाही येते.

कोरड्या दिवसांचा खरा महिना फेब्रुवारी. रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच वाचले की बायबलचे 1189 अध्याय वर्षात संपतात, हा हिशेब आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतो. नव्या वर्षी सगळे उत्साहाने सुरुवात करतात. उत्पत्तीत गोष्टीच गोष्टी, निर्गमात समुद्र दुभंगतो, सगळं झरझर जातं. जानेवारी संपता संपता लेवीय लागतं आणि निम्मी मंडळी तिथेच गारद होते. होमार्पण, चरबी, गुरदे, त्वचारोग. पण तिथेही 14 व्या अध्यायात मला माझं घर सापडलं. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर मालकाने जाऊन याजकाला सांगायचं. याजक येणार, पाहणी करणार, घर सात दिवस बंद ठेवणार, चट्टा पसरला असेल तर दगड काढून नवे बसवायचे, गिलावा खरवडून गावाबाहेर टाकायचा. आता आम्ही कोंढव्यात राहतो. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात अशीच हिरवट ओल येते, आणि बिल्डरपासून वॉटरप्रूफिंगवाल्यापर्यंत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सिनायच्या वाळवंटात तंबूत राहणाऱ्या लोकांना, पुढे कधीतरी मिळणाऱ्या घरांच्या ओलीबद्दल देव इतक्या तपशिलाने बोलून ठेवतो, हे वाचून मी चकित झाले. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, तेव्हा ही ओलही त्यांनी सोडली नसणार. त्या जुलैत मी भिंतीसाठी पहिल्यांदा प्रार्थना केली. ओल गेली नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याशी बोलताना माझा आवाज मात्र खाली आला, कारण तोवर त्याचंही नाव माझ्या प्रार्थनेच्या यादीत गेलं होतं.

यावर आमच्या घरसभेतल्या एका काकांचा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, ‘ताई, तुम्ही देवाला शिपाई केलंत. हे आण, ते कर.’ त्यांचा रोख पार्किंगच्या प्रार्थनेवर असतो. कॅम्पात नाताळच्या आठवड्यात गाडी लावायला जागा मिळू दे, असं आमच्यातले बरेचजण मागतात आणि मिळाली की हात वर करून स्तुती करतात. मलाही ते खटकतं. तुम्हाला मिळालेली जागा ज्याला मिळाली नाही, तोही देवाचाच ना? पण उपाय म्हणून पुन्हा घाऊककडे वळायचं, हे मला पटत नाही. उलट तपशील वाढवावा. जागा मागितलीत तर मागून येणाऱ्या त्या माणसाचंही बोला, त्याच्या मागे बसलेल्या कंटाळलेल्या पोरांसकट. सासूबाईंच्या यादीत भांडणारी हिरव्या पातळातली बाई होती, हे काकांना मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘तुमच्या सासूबाईंची गोष्ट वेगळी.’ पुण्यात वाद असाच संपतो.

शिवाय तपशील नेहमी आपल्या बाजूने नसतो. ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ हे वाक्य किती बिनधोक आहे! त्यात जाऊबाईंच्या नव्या पडद्यांना मारलेला टोमणा येत नाही, कामवालीचा खाडा कापताना केलेला हिशेब येत नाही. एकदा नेमकं बोलायची सवय लागली की तेही नेमकंच बोलावं लागतं, आणि मग संध्याकाळी जाऊबाईंना फोन करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मला वाटतं, आपण घाऊक प्रार्थनेला चिकटून राहतो त्याचं अर्धं कारण हेच असावं.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे धास्ती. नेमकं मागितलं आणि नाही मिळालं तर? सर्वांना आशीर्वाद मागितला की तो मिळाला की नाही, कधी कळतच नाही. श्रद्धा सुखरूप राहते. अमुक वॉर्डातल्या अमुक माणसासाठी मागितलं आणि तो गेला, तर मात्र तोंड लपवायला जागा नसते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. स्तोत्रसंहितेत 88 वं स्तोत्र आहे, हेमानाचं. रात्रंदिवस आक्रोश करतो, उत्तर येत नाही, आणि शेवटची ओळही अंधारातच संपते. इतर बहुतेक विलापांना शेवटी आशेची कड असते, याला नाही. आमच्या मंडळीच्या कमिटीकडे हे मंजुरीला आलं असतं, तर शेवटी दोन बऱ्या ओळी घाला म्हणून परत पाठवलं असतं. ज्यांनी स्तोत्रं जमवली त्यांनी ते तसंच ठेवलं. मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये. तुकोबा विठोबाशी किती भांडले! आणि ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल ओलांडताना भांडायचा हक्क अलीकडेच ठेवून यावा, असं काही त्यांनी सांगितलेलं नाही.

म्हणून जी मागणी वर्षानुवर्षं पडून आहे तीही मी सोडलेली नाही. लूकच्या 18 व्या अध्यायात येशूने त्या विधवेची गोष्ट सांगितली, जिने ना देवाला भिणाऱ्या ना माणसांची पर्वा करणाऱ्या न्यायाधीशाला जेरीस आणलं. तिचं प्रकरण नेमकं काय होतं, बांधाचं की कर्जाचं, हे त्याने सांगितलेलं नाही. न्यायाधीशाला मात्र तिने ते सांगितलं असणार, कागदपत्रांसकट, पहिल्यापासून, दर खेपेला.