आलो की आले

टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटच्या अलीकडं, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी वाचन असतं. जिना अरुंद, चपला पायरीवरच काढायच्या. प्रवेश मोफत. खाली चिकटवलेल्या कागदावर हे कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लिहिलंय, कन्नड सगळ्यात वर. बेळगावचा माणूस पाटीवरचा मजकूर वाचायच्या आधी भाषांचा क्रम वाचतो. 1956 ला बेळगाव कानडी राज्यात गेलं, तेव्हापासूनची खोड आहे, जायची नाही. त्यामुळं ‘नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी आणि क्वीअर लेखकांसाठी’ ही ओळ मला दुसऱ्या खेपेला दिसली. क्वीअर म्हणजे बाई-पुरुष, नवरा-बायको या ठरीव चौकटीत न बसणारे.

फुकट म्हटल्यावर आम्ही बिचकत नाही. आमच्याकडं साहित्य फुकटच असतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. थंडी पडली की एकेका रविवारी एकेका गावात मराठी संमेलन भरतं. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, कथाकथन, कविसंमेलन. भाताच्या कापणीतनं मोकळी झालेली माणसं मंडपात मांडी घालून बसतात आणि पाहुण्यांना लाजवील असं ऐकतात. तिथं नव्या कवीची पाळी मात्र शेवटी येते. ऊन कललेलं असतं, पाहुण्यांना गाडी गाठायची असते आणि सूत्रसंचालक हळूच सांगतो, “एकच घ्या, छोटी.” झेरॉक्सच्या वर याच्या उलट. नवीन माणूस आधी, पुरती सात मिनिटं. सात झाली की खिडकीत बसलेला एकजण स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतो. त्या आवाजानं पहिल्या दिवशी मला मधल्या सुट्टीची भूक लागली.

कारण मी मास्तरीण. तीस वर्षं मराठी शिकवलं. हे वाचन चालवणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. जिन्यात दिसल्याबरोबर म्हणाली, “बाई, आलासा? बसा की पुढं.”

“आलो की,” म्हणाले आणि बसले.

बघा, लिहिताना मी ‘म्हणाले’, ‘बसले’ लिहिते. तोंडानं ‘आलो’ म्हणते. आमच्याकडं बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. कोल्हापूरकडंही बोलतात. पुण्याची पाहुणी दचकते, इथं कुणाला काही वाटत नाही. पण शाळेत प्रमाण मराठी. पोरींच्या निबंधात ‘मी आजीकडे गेलो’ आलं की मी लाल पेनानं ‘लो’वर काट मारून वर ‘ले’ लिहायची. तीस वर्षांत किती ‘लो’ खोडले असतील! घरी जाऊन आईला हाक मारायची, “आई, मी आलो ग.”

त्या संध्याकाळी तिसऱ्या नंबरला एक माणूस वाचायला उभं राहिलं. उभं राहिलं असंच लिहिते. माणूस हा शब्द मराठीनं दोन्हीकडं चालवलाय, ‘चांगला माणूस’ही म्हणतो आणि ‘चांगलं माणूस’ही, आणि अनेकवचन तर ‘माणसं’. आणखी काय लिहावं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अंगात खादीचा लांब सदरा, हातात शाळेची दोनशेपानी वही. वाचताना वही नको इतकी जवळ धरलेली.

गोष्ट 7 सप्टेंबर 2018 च्या सकाळची. आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमाचा निकाल दिलेला, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा. घरात आजीला दिसत नाही, म्हणून वडील चहा पिताना रोज पेपर मोठ्यानं वाचतात. त्या दिवशी त्यांनी पहिलं पान उलटलं आणि आतल्या उसाच्या बातमीपासून सुरुवात केली. आजी म्हणाली, “पहिल्या पानावर काय न्हाई व्हय रे आज?” वडील म्हणाले, “काय न्हाई.” दुपारी सगळे झोपल्यावर ‘मी पेपर घेतलो, घडी मोडलो, कपाटात कपड्याखाली अंथरलो, पहिलं पान वर करून’. मग पुढं कित्येक महिने इस्त्रीचे कपडे उचलले की ती अक्षरं दिसायची आणि कपडे ठेवले की झाकायची.

‘पेपर घेतलो’ ऐकून माझा उजवा हात आपोआप हलला. पेपर घेतला म्हणायचं! पण तेवढ्यापुरतंच. नंतर ध्यानात आलं की चार मिनिटं झाली, ही गोष्ट सांगणारा मुलगा आहे की मुलगी, मला कळलेलं नाही. मी, जिनं लिंग-वचन-विभक्ती शिकवून पोरं थकवली, तिला! कारण गोष्ट सगळी बेळगावी बोलीत होती. उठलो, बसलो, घाबरलो, सगळं ‘लो’. इथं पोरगाही तेच म्हणतो आणि पोरगीही. सदाशिव पेठेत हीच गोष्ट लिहायची तर पहिल्याच क्रियापदाला ठरवावं लागलं असतं, आलो की आले, आणि तिथंच दार लावून घेतल्यासारखं झालं असतं. शेजारच्या कन्नडात हा घोरच नाही. ‘नानु बंदे’, मी आलो किंवा आले, कुणीही म्हणावं. तो आला तर बंदनु, ती आली तर बंदळु, पण स्वतःबद्दल बोलताना भाषा विचारत नाही. मराठी विचारते. बेळगावची मराठी विचारायला विसरते.

ज्या बोलीला मी अशुद्ध म्हणत आले, तिच्यात एक माणूस सात मिनिटं निवांत बसलं होतं.

आता एक सांगायचं राहतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सातवीच्या वर्गात नामाची लिंगं शिकवायचा तास. फळ्यावर पुल्लिंग, स्त्रीलिंग लिहीपर्यंत ठीक. नपुंसकलिंग लिहिलं की मागच्या बाकांवरनं खसखस. एका वर्षी नुसती खसखस नाही झाली. अख्खा वर्ग मान वळवून एकाच मुलाकडं बघायला लागला. तो वहीत घर, झाड, फूल लिहीत होता, खाली मान घालून. मी टेबलावर डस्टर आपटलं, “फळ्याकडं बघा” म्हटलं आणि पुढचं उदाहरण घेतलं. एवढंच केलं. डस्टरची धूळ अजून डोळ्यांपुढं आहे, त्या मुलाचं नाव आठवत नाही.

त्याच खडूनं मी ज्ञानेश्वरांच्या विराण्या शिकवल्या. पुरुषानं विरहिणी होऊन ‘मी’ म्हणावं, यात वर्गाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. संतांनी बाईच्या तोंडानं गायलं तर पाच मार्कांचं रसग्रहण, आणि बाकावरच्या पोरानं चुकून ‘मी आले’ लिहिलं असतं तर लाल शाई.

यल्लम्मा देवीचं सौंदत्ती याच जिल्ह्यात. यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, डोक्यावर घेऊन, साडी नेसून जोगप्पा, म्हणजे देवीला सोडलेले पुरुषजन्माचे भक्त, दारात यायचे, तेव्हा आमची आई डोक्यावर पदर घेऊन परडीत तांदूळ घालायची आणि आम्हाला पाया पडायला लावायची. जोगती नृत्य करणाऱ्या तृतीयपंथी कलावंत मंजम्मा जोगती यांना 2021 ची पद्मश्री मिळाली, तेव्हा गल्लीत सगळ्यांनी कौतुकानं फोटो पाहिला. त्याच गल्लीतल्या एकीला मी या वाचनाबद्दल सांगितलं, तर तिनं आवाज खाली आणून विचारलं, “तसली माणसं येतात व्हय तिथं?” मी म्हटलं, “मी जातो की.” ती गप्प झाली. माझ्याकडं मात्र दोन दिवस जरा निरखून बघत होती.

पेल्यावर चमचा वाजला तेव्हा वाक्य अर्ध्यात होतं. वाजवणाऱ्यानंच हातानं खूण केली, पुरं करा. पुरं झालं. टाळ्या झाल्या, मग गिरमिट, म्हणजे चुरमुऱ्यांचं खाणं, आलं. कागदात घेऊन सगळे जिन्यावर, खोलीत, जागा मिळेल तिथं उभे.

तिथंच ते माणूस माझ्याजवळ आलं. माझ्या विद्यार्थिनीनं ‘आमच्या मराठीच्या बाई’ म्हणून सांगून ठेवलं असणार. हातात एक अर्ज होता, एका गावातल्या संमेलनाच्या कविसंमेलनाचा. नाव, गाव, मोबाईल, आणि खाली छापलेलं : कवी / कवयित्री (लागू नसेल ते खोडावे).

“बाई, कुठलं खोडू?”

माझ्या पर्समध्ये पेन असतं, अजूनही लालच. ते मागतील असं वाटलं, मागितलं नाही. मी अर्ज घेतला, दोनदा वाचला, शुद्धलेखन तेवढं बघितलं. मोबाईल नंबरातला सातचा आकडा एकच्या आकड्यासारखा दिसत होता, तो नीट करायला सांगितला.

“खाली सही राहिलीय,” मी म्हटलं. “तेवढी करा आणि द्या तसाच.”

अर्ज दोन्ही शब्दांसकट गेला. उत्तर अजून यायचंय. यायला अवकाशही आहे, रानात भात उभं आहे, आणि सुगी झाल्याशिवाय मंडपाचं सामान कुणी काढत नाही.